यंत्रांची कुरबुर आणि आपली प्रकृती

(प्रतापनगर, नागपूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या विषयावर मला बोलायचे आहे त्याचे शास्त्रीय नाव जरा लांबलचक आहे. 'विद्युतचुंबकीय व्यत्यय' असे त्याला म्हणतात. परंतु नावाला घाबरण्याचे कारण नाही. ही गोष्ट तुमच्यापैकी प्रत्येकाने आपल्या घरात अनुभवलेली आहे. रेडिओवर बातम्या चालू असताना स्वयंपाकघरात कोणी मिक्सर सुरू केला की बातम्या बुडून जातात आणि नुसती खरखर ऐकू येते. टेबलावर स्पीकरजवळ जुना साधा मोबाईल ठेवला असेल, तर फोनची घंटी वाजण्यापूर्वीच स्पीकर 'ट्र-टक-टक' असा आवाज करू लागतो. एका यंत्राच्या कामात दुसऱ्या यंत्राने, स्पर्शसुद्धा न करता, केलेली ही लुडबुड म्हणजेच हा व्यत्यय होय.

या विषयाभोवती आज दोन प्रश्न उभे आहेत. पहिला प्रश्न असा की, एका यंत्राचा दुसऱ्या यंत्राला त्रास होतो काय? दुसरा प्रश्न असा की, यंत्रांतून निघणाऱ्या लहरींचा माणसाच्या शरीराला त्रास होतो काय? आपण हे दोन्ही प्रश्न नेहमी एकत्र मिसळून टाकतो. "मोबाईलमुळे स्पीकर खरखरतो, मग आपल्या मेंदूचे काय होत असेल!" असे कोणी म्हटले की सगळे माना डोलावतात. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि ती वेगळी ठेवली नाहीत तर आपण नको तेथे घाबरतो व जेथे जपायला हवे तेथे बेफिकीर राहतो, एवढेच मला आज तुम्हाला सांगायचे आहे.

प्रथम या लहरी काय आहेत ते थोडक्यात पाहू. तारेतून वाहणारी वीज जेव्हा वेगाने कमी-जास्त होते, तेव्हा तिच्याभोवती विजेचे आणि चुंबकत्वाचे तरंग उठतात व प्रकाशाच्या वेगाने दूर जातात. १८८७-८८ मध्ये जर्मनीत हाइन्रिश हर्ट्झ यांनी हे तरंग प्रयोगाने दाखवून दिले. पुढे १८९५ साली आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये या तरंगांच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजवून व दारू पेटवून दाखवली. मधल्या भिंती आणि खुद्द लेफ्टनंट गव्हर्नरांचे शरीर ओलांडून ते तरंग गेले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. तेव्हा 'आपल्या शरीरातून लहरी जातात' ही काही कालपरवाची नवलाई नव्हे.

आता व्यत्ययाकडे येऊ. कोणताही व्यत्यय घडण्यासाठी तीन बाजू लागतात. एक त्रास देणारा, दुसरी त्रास पोचवणारी वाट आणि तिसरा तो त्रास सोसणारा. मिक्सरच्या मोटारीत कार्बनच्या ब्रशपाशी बारीक ठिणग्या उडतात, तो झाला त्रास देणारा. त्या ठिणग्यांचे तरंग हवेतून पसरतात आणि घरातल्या वायरिंगमधूनही धावतात, ती झाली वाट. आणि हवेतील अतिशय क्षीण तरंग पकडण्यासाठीच ज्याची घडण झाली आहे तो रेडिओ, हा झाला सोसणारा. यांपैकी कोणतीही एक बाजू सावरली की व्यत्यय थांबतो. मोबाईल आणि स्पीकरचेही तसेच आहे. दुसऱ्या पिढीचा साधा मोबाईल अखंड लहर सोडत नाही. तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा छोटे छोटे झटके सोडतो. त्या झटक्यांचा ताल नेमका माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडतो आणि स्पीकरच्या तारा तो उचलतात. मोबाईल दोन हात दूर ठेवा, आवाज गेला!

हा प्रकार केवळ घरगुती आहे असे समजू नका. आपल्याच नागपूरचे उदाहरण घ्या. प्रतापनगरच्या दक्षिणेला सोनेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. उतरणारी विमाने आपण रोज पाहतो. विमान जमिनीच्या जवळ येते तेव्हा त्यातील एक यंत्र खाली रेडिओलहरी सोडते, त्या जमिनीवर आपटून परत येण्यास किती वेळ लागला ते मोजते आणि त्यावरून वैमानिकाला व विमानातील स्वयंचलित यंत्रणेला अचूक उंची कळते. धुक्यात किंवा पावसाळी अंधारात या उंचीचे मोल काय असेल ते सांगायला नको. हे यंत्र ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते. आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात ज्या पाचव्या पिढीच्या, म्हणजे फाइव्ह-जी दूरध्वनी सेवेचा आरंभ झाला, तिचा एक प्रमुख पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ हा आहे. दोन पट्टे वेगळे खरे, पण फार दूरचे नव्हेत. शेजारच्या खोलीत कोणी मोठ्याने बोलत असेल तर आपल्या खोलीतील कुजबुज ऐकणे जसे अवघड होते, तसाच हा प्रकार.

म्हणून २९ नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने कंपन्यांना पत्र पाठवून कळवले की, धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि धावपट्टीच्या मध्यरेषेपासून ९१० मीटर एवढ्या अंतरात या पट्ट्यातील फाइव्ह-जी केंद्रे उभारू नयेत. त्या वेळी ज्या मोजक्या विमानतळांच्या परिसरात अशी केंद्रे उभी राहिलेली होती त्यांत दिल्ली, बंगळूर, पुणे व गुवाहाटी यांच्याबरोबर नागपूरचेही नाव होते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. फाइव्ह-जीच्या लहरी प्रवाशांच्या शरीराला अपाय करतील म्हणून ही मनाई झाली नव्हती. उंची मोजणाऱ्या यंत्राची फसगत होऊ नये म्हणून ती झाली. धोका यंत्राला होता आणि यंत्राच्या वाटेने तो माणसांपर्यंत पोचण्याची शक्यता होती.

दुसरे उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली एक प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी ताऱ्यांच्या जगातून निघालेले अत्यंत दुबळे तरंग त्या टिपतात. ही जागा निवडताना जी कारणे पाहिली गेली त्यांत 'तेथे माणसाने केलेला रेडिओचा गोंगाट कमी आहे' हे एक मोठे कारण होते. आज तेथील शास्त्रज्ञांना विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांपासून मोबाईलच्या मनोऱ्यांपर्यंत सर्वांचा माग काढावा लागतो. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा आखलेला मार्ग या दुर्बिणीजवळून जाणार म्हटल्यावर त्यालाही हरकत घेतली गेली आणि मार्गाचा फेरविचार करावा लागला. एका सैल झालेल्या विद्युत जोडाची ठिणगी विश्वाचा आवाज बुडवू शकते, हे विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही विसरू नका.

आता आपण विमानतळ आणि दुर्बीण सोडून दवाखान्यात आणि घरात येऊ. कारण या विषयाचा आणि आपल्या प्रकृतीचा खरा संबंध तेथेच येतो.

हृदयाचा आलेख, ज्याला आपण ईसीजी म्हणतो, तो काढताना छातीवरून जी वीज मोजली जाते ती साधारण एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग असते. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची असते. खोलीचे अर्थिंग बरोबर नसेल, खाटेला खेटून विजेची वायर गेली असेल, तर ती ५० आवर्तनांची थरथर त्या आलेखावर उमटते आणि रेष करवतीच्या दात्यांसारखी दिसू लागते. अशा आलेखावरून बारकावे वाचणे डॉक्टरांना कठीण जाते. म्हणून ईसीजीच्या वेळी फोन व घड्याळ बाजूला ठेवायला सांगितले तर कुरकुर करू नका. त्यात तुमचेच हित आहे.

याहून नाजूक गोष्ट पेसमेकरची आहे. १९५८ साली स्वीडनमध्ये पहिल्यांदा माणसाच्या शरीरात पेसमेकर बसवण्यात आला. हे यंत्र हृदयाचा ठोका ऐकत असते. हृदयाने स्वतः ठोका दिला तर ते गप्प बसते, ठोका चुकला तर ते स्वतः विजेचा हलका इशारा देते. आता समजा, बाहेरच्या एखाद्या व्यत्ययालाच त्याने हृदयाचा ठोका समजून घेतले, तर गरज असतानाही ते गप्प बसण्याचा संभव असतो. सुरुवातीच्या काळातील यंत्रांच्या बाबतीत ही भीती साधार होती. पुढे यंत्राभोवती टायटॅनियम धातूचे कवच आले, आत येणाऱ्या तारांना गाळण्या बसल्या, आणि गोंगाट फार झालाच तर ठरावीक वेगाने ठोके देत राहण्याची सोयही करण्यात आली. त्यामुळे आजचे पेसमेकर पुष्कळच सुरक्षित आहेत.

मी हे सांगण्याचे कारण आहे. घरात दादीला किंवा अब्बांना डॉक्टरांनी पेसमेकर सांगितला की कोणीतरी हमखास म्हणते, "घरात चार-चार मोबाईल, वर मनोरा, ते यंत्र बंद पडेल, नकोच ते!" आणि या बोलण्यात आठवडे निघून जातात. पालकहो, हा हिशेब उलटा आहे. ज्या हृदयाचे ठोके चुकत आहेत ते यंत्राविना ठेवणे हा खरा धोका. व्यत्ययाचा धोका लहान आहे आणि तो थोड्या अंतराने टाळता येतो. ही अंतरे लक्षात ठेवा. मोबाईल पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत दूर ठेवावा. तो त्या बाजूच्या खिशात ठेवू नये आणि बोलताना दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. इंडक्शनच्या शेगडीपासून सुमारे ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट अंतर राखावे. दुकानाच्या दारातील चोरी पकडणाऱ्या कमानीतून नेहमीच्या चालीने निघून जावे, तिला टेकून उभे राहू नये. गाडीचे इंजिन चालू असताना त्यावर ओणवे होऊ नये. ज्यांचा व्यवसाय वेल्डिंगचा किंवा गॅरेजचा आहे त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना तसे सांगावे, म्हणजे कामाबाबत योग्य सल्ला मिळेल. आणि यंत्राबरोबर मिळालेले ओळखपत्र नेहमी जवळ बाळगावे. एमआरआय तपासणीची वेळ आली तर ते प्रथम दाखवावे, कारण काही यंत्रांना ती तपासणी चालते व काहींना चालत नाही.

लहरींइतकेच लक्ष चुंबकाकडेही द्यायला हवे. हृदयाची धोकादायक धडधड झटका देऊन थांबवणारे यंत्र काही रुग्णांना बसवलेले असते. डॉक्टरांना गरजेप्रमाणे त्याचे झटके तात्पुरते थांबवता यावेत म्हणून, चुंबक जवळ आणला की ते थांबतील अशी त्याची रचना असते. २०२१ साली अमेरिकेतील मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, पाठीमागे चुंबकांचे कडे असलेला एक नव्या धर्तीचा फोन छातीवर त्या जागी धरताच यंत्राने झटके देणे थांबवले. फोन दूर नेला की यंत्र पूर्ववत झाले. तेव्हा चुंबकी झाकणे, चुंबकी चार्जर, कानात घालायच्या यंत्रांच्या डब्या या वस्तू शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नयेत. घरातील लहान मुलांनाही हे समजावून सांगा. आजोबांच्या छातीवर फोन ठेवून खेळायचे नाही, एवढे पाच वर्षांच्या मुलालाही कळते.

रुग्णालयात मोबाईल चालावा की नाही याबद्दल दोन परीक्षा प्रसिद्ध आहेत आणि त्या शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २००७ मध्ये रुग्णांच्या ७५ खोल्यांत फोन वापरून ३०० चाचण्या घेतल्या. एकाही चाचणीत वैद्यकीय यंत्रांत लक्षणीय बिघाड आढळला नाही. उलट २००८ मध्ये अॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी, सामानाचा माग ठेवण्यासाठी लावतात त्या रेडिओ चकत्या वाचणारी यंत्रे अतिदक्षता विभागातील उपकरणांजवळ नेऊन १२३ चाचण्या घेतल्या. ३४ वेळा व्यत्यय आला आणि त्यांतील २२ प्रसंग धोकादायक ठरले. कृत्रिम श्वास देणारे यंत्र बंद पडणे, औषध ढकलणारा पंप थांबणे असे ते प्रसंग होते. सुदैवाने या यंत्रांना त्या वेळी रुग्ण जोडलेले नव्हते. यावरून काय घ्यायचे? ज्याची आपण धास्ती घेतो तो फोन निरुपद्रवी ठरू शकतो आणि ज्याकडे कोणाचे लक्षही जात नाही ती वस्तू घातक ठरू शकते. अंदाजाने बोलून भागत नाही, मोजावे लागते. म्हणून अतिदक्षता विभागात 'फोन बंद' अशी पाटी असेल तर ती निमूटपणे पाळावी.

घरी रुग्ण असेल तर आणखी एक दक्षता घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज गेली की इन्व्हर्टर सुरू होतो. स्वस्त इन्व्हर्टरची वीज शुद्ध लाटेसारखी नसते, ती पायऱ्यापायऱ्यांची असते. पंखा त्यावर घुं घुं करीत चालतो, पण ऑक्सिजन तयार करणारे किंवा झोपेत श्वासाला मदत करणारे यंत्र त्यावर बिघडू शकते. असे यंत्र घरात असेल तर शुद्ध लाटेचाच इन्व्हर्टर घ्यावा, यंत्र बनवणाऱ्याच्या सूचना वाचाव्यात आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. खराब अर्थिंगमुळे व्यत्यय वाढतो, हा झाला छोटा तोटा. त्यामुळे विजेचा धक्का बसून माणूस दगावतो, हा मोठा.

येथपर्यंत पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. यंत्राचा यंत्राला त्रास होतो, तो मोजता येतो आणि टाळताही येतो. आता दुसरा प्रश्न. लहरींचा प्रत्यक्ष शरीराला काय त्रास होतो?

क्ष-किरणांसारखे जे किरण असतात त्यांच्यात अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी शक्ती असते. त्यामुळे पेशींतील जनुकद्रव्य तुटू शकते. रेडिओ, मोबाईल आणि वायफाय यांच्या लहरींत ती शक्ती नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे ऊब. लहर पुरेशी तीव्र असेल तर ती शरीर तापवते. मायक्रोवेव्हच्या भट्टीत अन्न शिजते ते याच तत्त्वाने. म्हणून नियम असा केला आहे की, फोनमधून शरीराच्या कोणत्याही एका ग्रॅम भागात दर किलोला १.६ वॅटपेक्षा अधिक शक्ती शोषली जाऊ नये. स्वस्थ पडून असतानाही आपले शरीर दर किलोमागे साधारण एक वॅट उष्णता स्वतःच निर्माण करीत असते, हे तुलनेसाठी सांगतो. मनोऱ्यांच्या बाबतीत भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेचा केवळ दहावा हिस्सा एवढी कडक मर्यादा लागू केली.

मनोऱ्याची भीती बाळगणाऱ्यांसाठी एक जुनी नागपुरी गोष्ट सांगतो. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून सुरू झाली. तिचा प्रक्षेपक १,००० किलोवॅटचा, म्हणजे दहा लाख वॅटचा होता. मोबाईलच्या मनोऱ्यावरील एका अँटेनाची शक्ती साधारण काही दशक वॅट असते आणि जुन्या साध्या फोनची जास्तीत जास्त दोन वॅट. पण केवळ शक्तीवरून काही ठरत नाही, अंतरावरून ठरते. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते. आता पाहा, मनोरा दूर असतो आणि फोन कानाला चिकटलेला असतो. शिवाय मनोरा दूर गेला, लहर क्षीण झाली, की फोन आपली शक्ती वाढवून बोलू लागतो. म्हणून वस्तीतील मनोरा हटवल्याने आपल्या डोक्यापर्यंत येणारी शक्ती कमीच होईल असे नाही, ती वाढूही शकते.

"पण जागतिक आरोग्य संघटनेने या लहरींना कर्करोगाच्या यादीत घातले आहे ना?" असा प्रश्न येथे कोणी विचारील आणि तो विचारलाच पाहिजे. ३१ मे २०११ रोजी संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना '२ ब' या वर्गात घातले, हे खरे आहे. या वर्गाचा अर्थ 'शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तोकडा आहे' असा होतो. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच वर्गात आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दोन वर्षे रोज नऊ तास सर्वांगावर तीव्र लहरी सोडलेल्या नर उंदरांत हृदयाच्या एका प्रकारच्या गाठी आढळल्या. पण तेच उंदीर लहरींविना वाढलेल्या उंदरांपेक्षा अधिक जगले, हेही त्याच प्रयोगात दिसले. पुढे २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात माणसांवरील ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यांत आढळला नाही. सर्व जगात मोबाईल घरोघरी पोचला, त्या प्रमाणात मेंदूचे कर्करोग वाढलेले दिसले नाहीत.

काही लोक म्हणतात की वायफायजवळ बसले की आमचे डोके दुखते, झोप येत नाही. त्यांची थट्टा करू नका. डोकेदुखी खरीच असते. परंतु लहरी चालू आहेत की बंद हे त्यांना न सांगता ज्या परीक्षा घेतल्या गेल्या, त्यांत लहरी चालू असल्याचे त्यांना ओळखता आले नाही. म्हणून अशा माणसाने राउटरला दोष देऊन थांबू नये. डोळे, रक्तदाब, झोप आणि मनावरचा ताण यांची तपासणी करून घ्यावी. खरे कारण तेथे सापडण्याचा संभव अधिक असतो. आणि विद्यार्थी मित्रांनो, रात्री दोन वाजेपर्यंत उशाशी फोन घेऊन जागल्याने सकाळी वर्गात डुलक्या येतात, त्याचा दोष लहरींना देऊ नका! तो दोष जागरणाचा आहे.

ज्यांच्या मनात तरीही शंका आहे त्यांनी साधे उपाय करावेत. लांबलचक बोलणे असेल तर कानाची वायर किंवा फोनचा स्पीकर वापरावा, लहर क्षीण असेल तेथे लांबण लावू नये. याला काही खर्च येत नाही. लहरी शोषून घेणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या चकत्या मात्र घेऊ नका. फोन नेहमीप्रमाणे चालत असेल तर त्या चकतीने लहर अडवलेली नाही, हे उघड आहे. आणि मनोऱ्याबद्दल तक्रारच असेल तर भांडणापेक्षा मोजणी बरी. दूरसंचार विभागाने २०१७ साली 'तरंग संचार' नावाची सोय सुरू केली, ती मनोऱ्यांची माहिती मिळावी आणि शुल्क भरून मोजणी करून घेता यावी यासाठीच.

शेवटी विद्यार्थ्यांना एक प्रयोग सांगतो. बॅटरीवर चालणारा, मध्यम लहरींचा जुना ट्रान्झिस्टर घरात असेल तर तो काढा. कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी काटा आणून ठेवा आणि आवाज वाढवा. आता तो घरभर हळूहळू फिरवा. एलईडी दिवा, मोबाईलचा चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, टीव्ही, प्रत्येकापाशी खरखर किती वाढते ते वहीत लिहा. मग एकेक वस्तू बंद करून पुन्हा ऐका. एका वेळी एकच वस्तू बंद करायची, हा नियम मोडू नका, नाहीतर दोषी कोण ते कळणार नाही. अंतर एक फूट, दोन फूट, चार फूट असे बदला. वस्तू उघडू नका, प्लगमध्ये काही खुपसू नका. चांगल्या बनावटीच्या आणि फुटपाथवरून घेतलेल्या स्वस्त चार्जरमध्ये काय फरक पडतो तोही पाहा. संगणकाच्या तारेवर जो काळा जाडसर गोळा असतो तो कशासाठी, हे विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा. तो या गोंगाटाला अडवणारा पहारेकरी आहे. अशा पाच-सहा वह्या शाळेत जमल्या की एक छान तक्ता तयार होईल.

यातून तुमच्यापैकी काहींना पुढची वाटही सापडू शकेल. प्रत्येक नवे यंत्र, विशेषतः वैद्यकीय यंत्र, दुसऱ्याला किती त्रास देते आणि दुसऱ्याचा किती सोसू शकते याची तपासणी करावी लागते. त्यासाठी चहूबाजूंनी धातूने मढवलेल्या खास खोल्या असतात. मुंबईत १९८४ पासून काम करणारी 'समीर' ही केंद्र सरकारची संस्था असे काम करते. आयटीआय, तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी, कोठूनही या क्षेत्रात शिरता येते. मुलींनाही हे काम उत्तम साधते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. या कामाला मुख्यतः चिकाटी आणि स्वच्छ नोंदी लागतात.

तात्पर्य इतकेच की, घरात एखादे यंत्र कोणाच्या श्वासाला किंवा हृदयाला आधार देत असेल, तर त्याच्या आसपासच्या अंतराला आणि अर्थिंगला जपा. लहरींच्या नुसत्या धास्तीने कोणाचा औषधोपचार मात्र लांबवू नका. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांच्या शर्टाचा वरचा खिसा तेवढा एकदा पाहा. छातीत यंत्र असेल आणि खिशात फोन असेल, तर तो हळूच काढून पँटच्या खिशात ठेवायला सांगा.